पाठीवर दुसऱ्याचा नंबर

ही गोष्ट २०१९ सालची आहे, मित्रांनो. त्या उन्हाळ्यात नाईक हुद्द्याचा गिरधर सतरा वर्षांची फौजेतली नोकरी संपवून तापीकाठी जैनाबादला घरी आला आणि त्याच्या काळ्या पेटीतून मीही आले. मी इनॅमलची थाळी. पांढरी, निळ्या काठाची, आता जागोजागी टवके उडालेली.

जन्माने मी साधा लोखंडी पत्रा. लेपात बुडवून भट्टीत भाजले, तेव्हा कुठे अंगावर चकाकी आली. एका छावणीच्या कॅन्टीनमधून निरंजन नावाच्या जवानाने मला घेतले. फौजेच्या लंगरात, म्हणजे जेवणघरात, शेकडो थाळ्या सारख्याच असतात. म्हणून जवान थाळीच्या पाठीवर खिळ्याने आपल्या नंबरचे शेवटचे चार आकडे ठोकून ठेवत. निरंजननेही ठोकले. दुखले खूप, पण मी कोणाची तरी झाले.

लंगरात निरंजनशेजारी गिरधर बसे. निरंजन कागद कारखान्याच्या वसाहतीत वाढलेला, गिरधर तापीकाठच्या केळीच्या बागेतला. दोघांचा एकमेकांवर जीव जडला. पुरुषाचा पुरुषावर असा जीव जडतो, त्याला समलिंगी प्रेम म्हणतात, मित्रांनो. त्यात लाजण्यासारखे काही नाही. पण तेव्हा ते कळले असते तर दोघांची वर्दी गेली असती. म्हणून ते गप्प राहिले. बदली होऊन वेगळे झाले त्या सकाळी त्यांनी फक्त थाळ्या बदलल्या. पुढची आठ वर्षे गिरधरने मला स्वतः घासले आणि कोरडे पुसून ठेवले.

तो घरी येऊन पंधरा दिवस झाले नाहीत, तोच चुडामणमामा, म्हणजे त्याच्या आईचा भाऊ, स्थळ घेऊन आला.

"अरे फौजी, पोरगी तर पाहून घे! इतकं काय सोचू राह्यला? उमर निघून चालली."

आई, धुरपदाबाई, मोरीत मला घासत होती. तिला अक्षर येत नव्हते. पण इतकी वर्षे दुसऱ्याकडून पत्रावर पत्ता लिहून घेताना त्यातल्या मुलाच्या नंबराचे वळण तिच्या डोळ्यांत बसले होते. त्याच्या नंबरात शेवटी दोन शून्ये. माझ्या पाठीवर एकही नव्हते.

"बेटा, ही थाळी तुझी नाही रे. कोणाची उचलून आणली?"

'चुकून आली' एवढे म्हटले असते तरी चालले असते. गिरधर उठून उभा राहिला.

"निरंजनची आहे, माय. माझी त्याच्याजवळ आहे. मी लग्न करणार नाही. आबांचा तुझ्यावर जीव होता ना, तसा माझा त्याच्यावर आहे."

"फौजेत हेच शिकला का रे?" मामा ओरडला.

"नाही मामा. फौजेत गप्प राहायचं शिकलो. आता रिटायर झालो."

त्याच संध्याकाळी धुरपदाबाईने मला गोठ्यात भिरकावले. कोंबड्या माझ्यात दाणे टिपू लागल्या. टवक्यांवर गंज चढला. घरात स्टीलच्या थाळ्या होत्या, पण गिरधर रोज केळीचे पान कापून आणी. "ती थाळी तू परत आणलीस की तीतच जेवीन," म्हणे. आई त्या पानावरच वाढे. पाऊस आला नि गेला, बागेतले घड उतरले, तरी पान काही सुटले नाही.

एका दुपारी धुरपदाबाई गोठ्यात आली. कोंबड्यांना हाकलून तिने मला राखेने घासायला घेतले.

"सतरा वर्षं एकच मागितलं," ती कोंबड्यांनाच सांगत होती, "पोरगा जिता येऊ दे. आला, तर मीच त्याला पानावर बसवला."

मग गिरधरला हाक मारून म्हणाली, "बोलाव त्याला. अन् थाळी घेऊन यायला सांग. पाहते, खरं बोलतो का."

निरंजनने तोवर फौज सोडून नदीपलीकडच्या राजपुऱ्यात मोटारपंप दुरुस्तीचे दुकान टाकले होते. तो थाळी वर्तमानपत्रात गुंडाळून घेऊन आला. धुरपदाबाईने ती उलटी केली आणि बोट फिरवले. शेवटी दोन शून्ये.

"हाच माझ्या पोराचा," ती म्हणाली.

तिने भरीत-भाकरी वाढली. गिरधरची थाळी निरंजनपुढे ठेवली, मला गिरधरपुढे.

"बदलल्या तशाच राहू द्या. अन् निरंजन, तू उभा काय राह्यला रे? बस. भाकरी थंडी होऊ राह्यली."

आज ते दोघे दुकानामागच्या दोन खोल्यांत राहतात. गिरधर रोज सकाळी पूल ओलांडून बागेत जातो. मामा तीन वर्षे फिरकला नाही. भर वैशाखात त्याचा पंप जळाला, तेव्हा आला. अजून फारसे बोलत नाही, पण चहा घेतो. ज्या मुलीचे स्थळ त्याने आणले होते, ती रंजिता खंडव्याला नर्स आहे आणि नवऱ्यासोबत सुखात आहे. धुरपदाबाईचे गुडघे गेले, तरी रविवारी ती येतेच. आली की आधी आम्हा दोघींच्या पाठी पाहते, मग पाणी पिते.

मित्रांनो, टवका उडालेल्या भांड्यावर ओल राहू देऊ नका. आणि घरातले कोणी धीर करून खरे बोलले, तर त्याला गोठ्यात टाकू नका. चढलेला गंज राखेने जातो, पण घासावे फार लागते. माझ्या काठावर त्याचा एक डाग अजून आहे. गिरधर त्या बाजूनेच भाकरी मोडायला घेतो.