गरम हात

पेन्सिलींना टोक काढता काढता लिंडक्विस्ट डॉक्टरांना शिसारी आली. वय एकसष्ट, पोट सुटलेलं, डोक्यावर चार केस, आणि शाळकरी पोरासारखं पेन्सिली तासत बसायचं!

“दोन पुरेत की,” अल्मा म्हणाली. अल्मा म्हणजे त्यांची बायको, आणि दवाखान्यातली नर्सही. “तिकडे काय चित्रं काढायचीत तुला?”

“चित्रंच गं. बरोबर उत्तराचा गोल काळा करायचा, की झाला माणूस फॅमिली डॉक्टर. मग इतकी वर्षं मी काय गुरं वळत होतो?”

शहरातले हृदयवाले, हाडवाले तज्ज्ञ त्यांच्यासारख्याला ‘नुसता डॉक्टर’ म्हणून नाक मुरडत. परवापरवा फॅमिली डॉक्टरकी हीसुद्धा तज्ज्ञाची शाखा ठरली, तेव्हा डॉक्टरांनी आनंदाने टेबलावर मूठ आपटली होती. पण गंमत पुढेच होती. बाकीच्या शाखांनी सुरुवातीला आपापल्या म्हाताऱ्यांना मागच्या दाराने आत घेतलं. या शाखेत कुणालाच माफी नाही. सगळ्यांनी परीक्षेला बसायचं. गावच्या इस्पितळाचा नवा प्रमुख प्रेसकॉट, काल मिसरूड फुटलेला, त्याने तर सरळ बजावलं, “प्रमाणपत्र आणा, डॉक्टर. नाहीतर बाळंतपणाच्या खोलीत यायचं नाही.”

आणि इकडे त्यांच्या जुन्या पेशंट डोरीनला दिवस गेलेले. आदल्याच आठवड्यात डॉक्टर तिला तपासायला गेले होते. नेब्रास्काच्या त्या मक्याच्या मुलखात डॉक्टर स्वयंपाकघराच्या दाराने येतो आणि आधी शेगडीवर हात शेकतो. लिंडक्विस्टांची गाडी वळणावर दिसली की बायका शेगडीत लाकूड सारत. गार हात पोटाला लागला तर बाळ दचकतं, असं डोरीनची आजी म्हणायची. डॉक्टरांचा त्यावर विश्वास नव्हता, पण हात मात्र ते नेमाने शेकत.

“तो प्रेसकॉट नको मला,” डोरीन म्हणाली. तिचं पहिलं मूल शहरातल्या इस्पितळात दगावलं होतं. “मला तुम्हीच जगात आणलंत ना? मग याच्याही वेळी तुम्हीच पाहिजेत.”

“आणलं खरं. तेव्हा जे तोंड उघडलंस ते अजून मिटलं नाहीस.”

ती हसली नाही. “शब्द द्या, डॉक्टर.”

डॉक्टरांनी शब्द दिला.

परीक्षेचा हॉल टकलांनी भरला होता. शेजारच्या बाकावर पलीकडच्या तालुक्याचे हायनेक डॉक्टर. “नापास झालो तर आई मारेल रे,” ते कुजबुजले आणि दोघं फिसकन हसले. मग पेपर आला. मुलाला तीन दिवस ताप आहे, आधी काय कराल? चार पर्याय होते आणि चारही तपासण्यांचे. आईला विचारा, हे एकातही नव्हतं.

मध्येच हायनेकांचा श्वास शिटीसारखा वाजू लागला. लिंडक्विस्टांनी तिरक्या नजरेने पाहिलं. कपाळावर घाम, ओठ निळसर, हात छातीवर. बघताक्षणी कळण्याजोगं होतं. हातातला गोल पुरता काळा करून डॉक्टर उठले.

“जागेवर बसा,” पर्यवेक्षक खेकसला. “अँब्युलन्स बोलावलीय. बाहेर गेलात तर परत आत घेता येणार नाही.”

“अरे, माणूस मरतोय इथे!”

“नियम आहे.”

“घाल चुलीत तुझा नियम!”

त्यांनी हायनेकांचा टाय सैल केला, त्यांना छातीशी टेकवून बसवलं आणि अँब्युलन्समधून त्यांच्याबरोबरच गेले. हायनेक वाचले. डॉक्टर परतले तोवर हॉलचं दार बंद झालं होतं, आणि पुढची परीक्षा वर्षाने.

घरी येऊन त्यांनी पेन्सिली कचऱ्यात फेकल्या.

“खोलीभर डॉक्टर होते, अल्मा. एकाने, एकाने तरी मान वर करावी! गव्हाणीत तोंड खुपसलेली डुकरं नुसती. शी! आणि ही म्हणे कुटुंबाची काळजी घेणारी माणसं.”

“जाऊ दे. तू उठलास ना?”

“उठलो. पण आधी गोल पुरा केला. कडेला पांढरं राहिलं होतं, म्हणून पेन्सिल पुन्हा फिरवली. तो तिकडे तडफडत होता आणि मी कड भरत होतो. त्यांची किळस येते म्हणतोय, पण मी कुठे वेगळा?”

अल्माने त्यांच्या पाठीवर हात ठेवला.

डोरीनचे दिवस भरले तेव्हा बाहेर हिम भुरभुरत होतं. डॉक्टर इस्पितळात पोचले, तर बाळंतपणाच्या खोलीच्या दारातच प्रेसकॉट आडवा उभा.

“बाहेर बसायला माझी हरकत नाही,” तो म्हणाला. तेही उपकार केल्यासारखं.

डॉक्टरांच्या ओठांवर शिवी आली होती. पण आतून डोरीनची हाक आली, “डॉक्टर! आलात का हो?”

“आलोय गं पोरी. दाराशीच आहे.”

“आत या ना!”

डॉक्टरांनी प्रेसकॉटकडे पाहिलं. प्रेसकॉट हातमोजे चढवत आत गेला आणि दार लागलं.

“इथेच आहे मी,” डॉक्टर बंद दाराला म्हणाले. “कळ आली की जोर कर. घाबरू नकोस.”

मग ते खिडकीखालच्या गरम पाइपापाशी गेले आणि रोजच्यासारखे हात शेकू लागले. तळवे, मग हातांची पाठ, मग पुन्हा तळवे. आत डोरीन ओरडत होती, प्रेसकॉट काहीतरी सांगत होता. शेवटी बाळाचा ट्यँहा ऐकू आला, चांगला खणखणीत.

हात छान गरम झाले होते. डॉक्टरांनी ते कोटाच्या खिशात घातले.