दोन घरांची बिअर वाहणारी चरवी

मित्रांनो, मी झाकणाची एक जुनी लाकडी चरवी आहे. माझं वय नेमकं सांगता येणार नाही. मला घडवणाऱ्या हाल्दोरने माझ्या बुडाशी चाकूने साल कोरलं होतं, पण मी इतक्या वेळा घासली गेले की आता शेवटचा आकडा तेवढा दिसतो, आणि तो तीन आहे की आठ यावर घरात अजून एकमत नाही.

हाल्दोर पिंपं बनवायचा. त्याने पाइनच्या चौदा फळ्या एकमेकींना भिडवल्या, ना खिळा मारला ना डिंक लावला. बाहेरून बर्चच्या मुळांच्या दोन कड्या आवळल्या आणि वर घट्ट बसणारं झाकण दिलं. पहिली काही वर्षं मी गावातल्या बाळंतिणींकडे सायीची खीर घेऊन जात असे. ते दिवस सुखाचे होते. पण माझं खरं आयुष्य सुरू झालं ते ओद खालच्या घराचा धनी झाल्यावर.

तळ्यावरच्या चढणीला आमची दोन घरं. खालचं ओदचं, वरचं तोर्गाइरचं. चढणीवरच्या सगळ्याच घरांत बिअर घरी व्हायची, नाताळला, लग्नाला आणि मयतालाही. सातूला मोड आणायचे, ते वाळवून भरडायचे, जुनिपर या सुवासिक काटेरी झुडपाच्या डहाळ्या उकळलेल्या पाण्यात भिजवायचे, गोड पाणी गाळून दिवसभर उकळायचं, आणि ते अंगाइतकं कोमट झालं की त्यात घरचं खमीर सोडायचं. हे खमीर लाकडी तुकड्यांच्या माळेवर वाळवून फडताळात टांगलेलं असे. प्रत्येक घराचं खमीर वेगळं, आणि आपलंच चांगलं असं प्रत्येक घराचं म्हणणं.

बिअर झाली की पहिली भरलेली चरवी शेजारी न्यायची. शेजाऱ्याने प्यायची, काय वाटलं ते सांगायचं, आणि चरवीत आपल्याकडचं काही घालून ती परत पाठवायची. आपली बिअर तयार असली तर बिअर, नाहीतर ताक. रिकामी चरवी परत पाठवणं म्हणजे तोंडावर दार लावणं.

तोर्गाइरची जीभ साऱ्या पंचक्रोशीत मानलेली. तो घोट तोंडात धरायचा, खिडकीबाहेर बघत बसायचा आणि मग बोलायचा. लांबलांबची माणसं त्याच्याकडे आपली बिअर घेऊन यायची आणि दारात उभी राहून घाम पुसायची. त्याच्या ओट्यावर मी कितीतरी धडधाकट गडी मान खाली घालून बसलेले पाहिले आहेत.

एका मार्च महिन्यात तळ्यावरचं बर्फ फुटलं आणि ओद घरी आला नाही. मागे राहिली त्याची बायको गुरो, चौतीस वर्षांची. त्या वर्षी नाताळला ती कारखान्यातल्या बाटल्या आणेल असं सगळ्यांनी गृहीत धरलं होतं. गुरोने कोणाला विचारलं नाही. तिने ओदचं मोठं पिंप बाहेर काढलं, फडताळातली माळ उतरवली आणि आठवणीने जेवढं जमेल तेवढं केलं. मग मला भरून ती चढण चढून वर गेली.

तोर्गाइरने घोट घेतला. खिडकीबाहेर बराच वेळ पाहिलं.

"याला बिअर म्हणायचं असेल तर म्हण बापडी," तो म्हणाला. "मी सातू धुतलेलं पाणी म्हणेन."

गुरोचे कान लाल झाले. "माझी पहिलीच खेप आहे."

"ते बिअरला माहीत नसतं. गाळताना घाई केलीस. गोडवा सगळा चोथ्यात राहिला. तो कुणी खाल्ला?"

"डुकरांनी."

"मग डुकरांचा नाताळ झकास गेला असणार. बस, सांगतो."

तो तासभर सांगत बसला. किती बारीक धार सोडायची, पिंपाला कान लावून काय ऐकायचं, कोपर बुडवून ऊब कशी ओळखायची. निघताना त्याने मला स्वतःच्या बिअरने काठोकाठ भरलं. वाटेत गुरोने मला दगडावर ठेवलं, डोळे पुसले आणि झाकण उघडून हुंगलं. मित्रांनो, त्या बिअरचा वास काय सांगू! संत्र्याची साल, धुरावलेलं लाकूड आणि आत कुठेतरी मध. ती बिअर तिने आठ दिवस पुरवली. रोज पळीभर घ्यायची, डोळे मिटून.

दुसऱ्या वर्षी तोर्गाइर म्हणाला, "जुनिपरचं झाड चावल्यासारखं वाटतंय. चव आणायची असते गं, जंगल नाही." तिसऱ्या वर्षी तिचा रस तळाशी करपला होता. चौथ्या वर्षी त्याने घोट घेतला, खिडकीबाहेर पाहिलं आणि वाटी पुन्हा पुढे केली. गुरो माझं झाकण हातात घेऊन तशीच उभी होती.

"ओद यापेक्षा पातळ करायचा," तो शेवटी म्हणाला. "हिच्यात दम आहे. वासाला मात्र तुझं खमीर अजून अति पिकलेल्या सफरचंदासारखंच आहे. त्याला तू काय करणार म्हणा, त्या घराचा दोषच आहे तो."

त्याच दिवशी त्याने आपली वाटी तिच्यापुढे सरकवली. "आता माझ्यातलं वाईट सांग."

"चांगली आहे."

"चांगली तर मेंढीसुद्धा म्हणेल. तुला काय लागलं?"

गुरोने तीन वेळा घोट घेतला. मग चाचरत म्हणाली, "शेवटी जीभ कोरडी पडते. डहाळ्या जास्त वेळ राहिल्या असतील."

तोर्गाइर मांडीवर थाप मारून हसला. तोवर त्याला असं कोणी सांगितलंच नव्हतं.

तेव्हापासून वर्षातून चार-पाच खेपा मी त्या चढणीवर वर-खाली करत होते. दोघं एकमेकांना काय काय बोलत. पण तो तिच्याशी भांडला तरी तिच्या चुकीचं कारण शोधायला तिच्या चुलीपाशी येऊन बसायचा, आणि तीही त्याच्या पिंपात वाकून बघायची. मला त्यांचा अभिमान वाटायचा. आपल्या हातचं दुसऱ्यापुढे ठेवून वाईट ऐकायला तयार राहणं मी फार कमी माणसांत पाहिलं आहे.

अशी अकरा वर्षं गेली. तोर्गाइरने सत्तरी गाठली. त्या जानेवारीत तो तापाने तीन आठवडे अंथरुणाला खिळला आणि उठल्यावर पूर्वीसारखा दिसू लागला. त्याची धाकटी मुलगी सिन्नोव्ह हिचं लग्न जूनमध्ये ठरलं होतं. लग्नाची बिअर अर्थातच बापाने करायची. मे महिन्यात त्याने आधी एक लहान खेप करून पाहिली. चढणीवरचे सगळे येऊन पिऊन गेले आणि छान आहे म्हणाले. मग मी भरून खाली आले.

माझ्या फळ्यांना ते आधीच कळलं होतं. गुरोने झाकण उघडलं आणि तिचा हात तिथेच थांबला. ओल्या गोणपाटाचा वास, आणि मागून शिरक्याचा, व्हिनेगरसारखा आंबट. तिने एक घोट घेतला, तोंड धुतलं, पाव खाल्ला आणि पुन्हा घेतला. घोट घेतलेली वाटी बाजूला ठेवून ती कितीतरी वेळ माझ्याकडे बघत बसली.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिने मला आपल्या ताज्या बिअरने भरलं आणि वर निघाली. अर्ध्या वाटेवरून ती परत फिरली. कुंपणापर्यंत येऊन पुन्हा वर निघाली. असं दोनदा झालं.

तोर्गाइर अंगणात लाकडं रचत होता. "काय म्हणतात पाहुणेबाई? कशी वाटली?"

"ही बिअर लग्नात वाढू नका," गुरो म्हणाली.

त्याने हातातलं लाकूड खाली ठेवलं. "का?"

"आंबली आहे. आणि वास येतो."

"सगळ्यांनी प्यायली. कोणी काही बोललं नाही."

"ते तुम्हाला घाबरतात."

"आणि तू घाबरत नाहीस?"

"घाबरते. म्हणून तर वाटेतून दोनदा परत गेले."

तोर्गाइर आत गेला, आपल्या बिअरची वाटी घेऊन आला. हुंगली. पुन्हा हुंगली. घोट घेतला आणि बाहेर तळ्याकडे पाहू लागला. मी त्याचा चेहरा इतक्या वर्षांत तसा पाहिला नव्हता. घरात दिवा विझल्यावर चाचपडणाऱ्या माणसासारखा तो दिसत होता.

"तुझी जीभ बिघडली असेल," तो म्हणाला. "आता जा. मला कामं आहेत."

त्याने माझ्यातली गुरोची बिअर आपल्या घागरीत ओतून घेतली आणि मला तिच्या हातात दिलं. रिकामी. घरी आल्यावर तिने मला धुतलं आणि उपडं घातलं. सिन्नोव्ह तिच्याकडे लग्नाचा झगा शिवायला यायची. त्या पोरीने विचारलं, "बाबांचं आणि तुझं काही झालं का गं, गुरोमावशी?" गुरो तोंडात टाचण्या धरून होती, तिने नुसती मान हलवली.

पाचव्या दिवशी दुपारी तोर्गाइर स्वतः उतरून आला. सिन्नोव्ह घरी नाही हे बघून आला होता. तो पायरीवर बसला आणि काठी दोन्ही हातांनी धरून ठेवली.

"जानेवारीपासून मला कशाचाच वास येत नाही," तो म्हणाला. "कॉफीचा नाही. गोठ्याचा नाही. धूर होतो तेव्हा डोळ्यांना कळतं, नाकाला नाही. बटाटा आणि साबण मला सारखेच."

"कोणाला सांगितलंत?"

"आत्ता तुला."

गुरो त्याच्या शेजारी बसली.

"तुझी बिअर ओतून घेतली ना मी त्या दिवशी," तो म्हणाला. "चार दिवस रोज पीत होतो. काही म्हणता काही लागलं नाही. तेव्हा कळलं की खोट तुझ्यात नाही."

"चला," गुरो म्हणाली. "तुमचं पिंप बघू."

तिने पिंपात डोकं घातलं आणि तळाशी एका फटीपाशी तिला तो वास सापडला. मग फडताळातली माळ काढली. तिलाही तोच वास. ती माळ तोर्गाइरच्या आजोबांच्या वेळची होती. गुरोने ती त्याच्या हातात दिली आणि मागे सरकली. त्याने एकेक लाकडी तुकडा अंगठ्याने चाचपला, शेगडीचं दार उघडलं आणि माळ आत टाकली. ती पूर्ण जळेपर्यंत दोघंही तिथून हलली नाहीत.

"माझ्या घरचं खमीर आणते," गुरो म्हणाली.

"ओदचं? माझ्या घरात? चाळीस वर्षं मी त्या खमिराला सफरचंदावरून हिणवलं."

"आता तुम्हाला वास तरी कुठे येणार आहे?"

तोर्गाइर तिच्याकडे बघतच राहिला आणि मग इतका हसला की त्याला खोकला आला. मित्रांनो, त्या हसण्यानंतर सगळं सोपं झालं.

लग्नाची बिअर दोघांनी मिळून केली, गुरोच्या पिंपात. हात आणि कान त्याचे, नाक आणि जीभ तिची. धार किती बारीक हे तो नुसत्या आवाजावरून सांगे, ऊब कोपराने. खमीर सोडताना ते जोमदार व्हावं म्हणून ओरडायची रीत होती, तशी दोघंही जोरात ओरडली. पहिल्यांदा त्याचा आवाज फुटला नाही, म्हणून त्यांनी पुन्हा एकदा ओरडून घेतलं.

तिसऱ्या दिवशी बिअर काढली ती माझ्यात. गुरोने वाटी भरली.

"सांग," तोर्गाइर म्हणाला. "चांगली आहे एवढंच सांगू नकोस."

तिने डोळे मिटले. "आधी संत्र्याची साल येते. हो, तुमच्यासारखी. ती बहुतेक सातूमधूनच येत असेल. मग सफरचंद, पण अति पिकलेलं नाही, नुकतं झाडावरून काढलेलं. मध आहे. पावाची कड असते ना, चांगली भाजलेली, तशी चव खाली आहे. शेवटी डहाळी, हलकी, पावसानंतर कुंपणाजवळून जाताना येते तेवढी."

तोर्गाइरने वाटी दोन्ही हातांत धरली होती. "थांबू नकोस," तो म्हणाला. "सांगत राहा."

आणि ती सांगत राहिली. मी इतकी बिअर वाहिली, पण बिअरचं एवढं सुंदर वर्णन पुन्हा ऐकलं नाही.

लग्नाला चढणीवरची सगळी माणसं होती. पहिल्या वाटीनंतर सिन्नोव्हचा सासरा उठला आणि म्हणाला की अशी बिअर तोर्गाइरशिवाय कोणाच्या हातून होणार नाही. तोर्गाइर उभा राहिला. सत्तरीच्या माणसाला सगळ्या गावासमोर हे बोलणं किती जड गेलं असेल ते मी त्याच्या पाठीवरून ओळखत होते, कारण मी त्याच्या मागच्या बाकावर होते.

"माझं नाक जानेवारीत गेलं," तो म्हणाला. "मे महिन्यात मी तुम्हाला आंबलेली बिअर पाजली. तुम्ही सगळे छान म्हणालात, माझा मान राखलात, त्याबद्दल आभार. पण तुमच्या त्या मान राखण्यापायी आज माझ्या लेकीच्या लग्नात शिरका वाढला गेला असता. खरं सांगायला एकटी गुरो आली. ही बिअर तिच्या जिभेची आहे."

मग सिन्नोव्ह आपला झगा सावरत उठली, तिने आधी बापाला कवटाळलं आणि मग गुरोच्या शेजारी जाऊन बसली.

तोर्गाइर पुढे सहा वर्षं जगला. तो गेला तेव्हा मयताची बिअर गुरोने केली. त्यानंतर हळूहळू घरोघरची पिंपं थांबली, बाटल्या आल्या, आणि गुरोकडून सिन्नोव्हच्या घरी आलेली मी कपाटावर वाळकी फुलं घेऊन उभी राहिले. शोभेची वस्तू झाले. येणारे-जाणारे माझं कौतुक करायचे, पण कोणी माझं झाकण उघडत नसे. बावीस वर्षांत माझ्या फळ्या आक्रसल्या, एक कडी गळून पडली आणि अंगातून उजेड दिसू लागला.

मागच्या वर्षी सिन्नोव्हने मला खाली उतरवलं. तिचे केस आता पांढरे आहेत. तिने नवी कडी बसवली, मला तीन दिवस ओढ्यात बुडवून ठेवलं, आणि फळ्या फुगून पुन्हा एकमेकींना भिडल्या. आता चढणीवर पाच घरांत पुन्हा बिअर होते आणि मी पाचही घरांत जाते. गेल्या शनिवारीच एका बाईने सिन्नोव्हला तोंडावर सांगितलं की यंदाची पाणचट झाली आहे. सिन्नोव्हचं तोंड उतरलं, पण तिने वही काढून लिहून घेतलं.

म्हणून मित्रांनो, माझं एवढं मागणं आहे. माझ्यासारख्या वस्तूंना कपाटावर चढवू नका, वापरत राहा. कोणी आपल्या हातचं काही तुमच्यापुढे ठेवलं तर बसून, नीट चाखून, जे लागलं ते मायेने पण खरं सांगा. आणि मला धुताना साबण लावू नका, कढत पाणी पुरे. साबणाचा वास लाकडाला कित्येक महिने सोडत नाही, आणि तो पुढच्या माणसाच्या बिअरमध्ये उतरतो.