संगीता कुठल्या गावची?

"काम आमच्या गावच्या माणसांनाच!" ही मागणी अर्जुनरावांनी लावून धरली तेव्हा सगळं जांभूळटेक त्यांच्या पाठीशी उभं राहिलं. आणि का राहू नये? माजलगावपासून थोड्या अंतरावरच्या या गावाचा माळ सौर प्रकल्पासाठी गेला होता. जमीन गावची, धूळ गावाच्या घरात, आणि सौर पॅनेलच्या काचा धुवायला माणसं मात्र बाहेरून ट्रकनं आणायची, हा कुठला न्याय? अर्जुनराव गावचे माजी सरपंच. त्यांनी ठेकेदाराचा पिच्छा पुरवला आणि शेवटी त्याला कबूल करायला लावलं. काचा धुणं, गवत काढणं, राखण करणं ही कंत्राटी कामं गावातल्याच लोकांना मिळणार. नावं गावानं सुचवायची.

मागणी रास्तच होती. पण रास्त मागणीच्या आडून माणसं काय काय साधून घेतात, तेही बघा.

नावं ठरवायला शाळेच्या पटांगणात बैठक बसली. संगीता सगळ्या बायांच्या मागं, भिंतीला टेकून बसली होती. तिचा नवरा भागवत तीन वर्षांपूर्वी ऊसतोडीवर असताना अपघातात गेला. मूलबाळ नव्हतं. भागवत होता तोवर दोघं जोडीनं तोडीला जात. पण तोडीला मुकादम जोडपंच घेतो, एकट्या बाईला कोणी विचारत नाही. तेव्हापासून संगीता मिळेल तिथं खुरपायला जाई आणि पत्र्याच्या खोलीत एकटी राहत असे. काही दिवस तर असे जात, की सकाळपासून तिच्या तोंडून शब्दच निघालेला नसे. मग घरात काड्यापेटी असतानाही ती दुकानात काड्यापेटी आणायला जाई. दोन शब्द कानावर पडावेत, एवढ्यासाठी.

तिचं नाव वाचलं आणि तिचा धाकटा दीर परमेश्वर उठला.

"वैनीचं नाव कावून घेतलं? त्या चकलांब्याच्या हायत. दादा हुता तवर ठीक हुतं. आता हितं त्यांचं कोण हाय?"

'तू आहेस की!' असं कोणीतरी म्हणायला हवं होतं. कोणी म्हटलं नाही. परमेश्वरचा डोळा भावाच्या खोलीवर आहे, हे सगळ्यांना माहीत होतं. वहिनी माहेरी गेली की खोली आपसूक त्याचीच. पण दुसऱ्याच्या भाऊबंदकीत हात कोण घालणार? अर्जुनरावांनाही भांडण नको होतं.

"संगीता, तू माहेरी बघ बाई," ते म्हणाले. "तिकडंबी कामं निघत्यात. आमाला गावातल्यांचंच बघाया पायजे." आणि पुढचं नाव वाचलं गेलं.

संगीता उठून घरी आली. या गावात लग्न होऊन आली तेव्हा ती अठरा वर्षांची होती. आता केस पांढरे होऊ लागले होते, आणि आज कळलं की आपण गावातल्या नाहीच!

दुसऱ्या दिवशी ती चकलांब्याला गेली. तिथल्या शाळेत खिचडी शिजवायला बाई हवी होती. तिचा भाऊ बंकट तिला घेऊन विचारायला गेला. उत्तर मिळालं, "लगीन करून दिलेली लेक सासरची. हितल्या बायांनी मग काय करावं?" बंकट खाली मान घालून परत फिरला. भावजयीनं गोडधोड केलं, आग्रह करकरून वाढलं आणि वाढता वाढताच विचारलं, "आक्का, माघारी कवा निघायचं?" तिच्या मनात काही वाईट नव्हतं. पाहुणीला कोणीही हेच विचारतं.

परतीच्या एसटीत संगीता खिडकीशी बसून होती. तिकडचं गाव म्हणतं इकडची, इकडचं म्हणतं तिकडची. म्हणजे आपण फक्त या बाकड्याच्या, तेही उतरायची वेळ येईपर्यंत! तिला रडूही आलं नाही.

गावात शिरायच्या आधी ती प्रकल्पाच्या फाटकाशी गेली. तिथला मुकादम मुस्तकीम बीडचा, सरळ माणूस.

"ताई, एक जागा अजून रिकामी हाय," तो म्हणाला. "पण गाव म्हणंल तीच गावची. मला काय ठावं?"

त्या रात्री तिनं ठरवलं. पुण्याला जायचं, इमारतीच्या कामावर. तिथं कोणीच आपलं नाही म्हटल्यावर, तू आमची नाहीस असं तरी कोणी म्हणणार नाही. सकाळी आपल्या दोन कोंबड्या घेऊन ती अर्जुनरावांच्या घरी गेली. त्यांची बायको केशरबाई दारात ज्वारी निवडत होती.

"काकू, ह्या तुमच्याकडं ऱ्हाऊ द्या. मी उद्या पुण्याला निघाले."

"आगं, कुणासंगं? कोण हाय तिथं तुजं?"

"हितं तरी कोण हाय, काकू?"

केशरबाईनं तिला बसवून घेतलं आणि सगळं विचारून घेतलं. बैठकीत काय झालं ते नवऱ्यानं तिला सांगितलंच नव्हतं.

दुपारी अर्जुनराव जेवायला बसले. केशरबाईनं भाकरी वाढली आणि समोरच बसली.

"अवो, गाव मला काय म्हनतं?"

"काय म्हनतं म्हंजी? वडगावकरीण म्हनतं."

"लगीन हून चाळीस वर्सं झाली. माजं नाव केशर हाय हे कुणाच्या ध्यानात तरी हाय का? आन् मी माहेरी, युसूफवडगावला गेले, की तिथं 'पाव्हणी आली' म्हनत्यात. मग मी कुठली?"

"आगं, तू माजी बायकू. तू हितलीच."

"तुमी हाईत तवर!"

अर्जुनरावांचा घास हातातच राहिला.

"उद्या तुमचं काय बरंवाईट झालं, तर कुणीबी बैठकीत उठून म्हनंल, ही वडगावची हाय, जाऊ द्या तिला वडगावला. तवा मी कुठं जाऊ?"

"काय अभद्र बोलतीस!"

"अभद्र मी न्हाई बोलले. तुमीच बोलून आलात, भर बैठकीत. ह्या गावात नांदाया आलेली एक तरी बाई हितं जलमली हाय का? रानं आमी खुरपली, लेकरं आमी वाढवली, म्हातारी माणसं आमी सांभाळली. आन् गाव तेवढं आमचं न्हाई?"

अर्जुनरावांनी ताट बाजूला सारलं. माणूस वाईट नव्हता. वाईट माणसानं केलेला अन्याय लगेच डोळ्यांवर येतो. भल्या माणसानं भांडण टाळण्यासाठी केलेला अन्याय त्याच्या स्वतःच्याही ध्यानात येत नाही. चाळीस वर्षं शेजारी वावरलेली ही बाई मनातून इतकी एकटी होती, हे त्यांना आज पहिल्यांदा कळलं.

त्याच संध्याकाळी त्यांनी पुन्हा बैठक बोलावली आणि सरळ सांगितलं, संगीताचं नाव घालायचं. परमेश्वर लगेच उठला.

"आण्णा, ठरल्यालं कावून मोडता?"

"परमेश्वर, तुजी बबिता कुठली?"

"धारूरची."

"मग यादीतनं तिचं नाव काढू का?"

"तिचं कावून? ती माजी बायको हाय!"

"आन् ही भागवतची न्हाई? नवरा हाय तवर बाई गावची आन् नवरा मेला की बाहेरची, आसला कायदा कुणी केला रे?"

आणि बायांमधून बबिता उभी राहिली! नवऱ्याकडं न बघता ती म्हणाली, "आण्णा, आक्काचं नाव न्हाई, तर माजंबी नको. आज त्या, उद्या मी."

परमेश्वर खाली बसला तो पुन्हा उठला नाही.

अर्जुनराव आणि केशरबाई तसेच संगीताच्या खोलीवर गेले. गाठोडं बांधून तयार होतं.

"चुकलो बाई मी," अर्जुनराव म्हणाले. "सोमवारपासून कामावर जा."

त्यांना बसायला जागा व्हावी म्हणून संगीतानं गाठोडं बाजूला सारलं. मग तिनं विचारलं, "म्हंजी गावानं मला ठिवून घेतलं का, आण्णा?"

अर्जुनरावांच्या डोळ्यांत पाणी आलं. "आमी कोण ठिवून घेणार? तू हितलीच हायस."

तेव्हा कुठं ती रडली. केशरबाईनं स्वतःच चूल पेटवून चहा ठेवला, आणि भागवत गेल्यापासून पहिल्यांदा त्या खोलीत तिघं माणसं बोलत बसली.

बंधू-भगिनींनो, स्थानिकांना काम मिळालंच पाहिजे. त्यासाठी जरूर भांडा. पण स्थानिक कोण, हे नवऱ्याच्या श्वासावर ठरवू नका. जिचं आयुष्य ज्या मातीत राबण्यात गेलं, ती त्याच मातीची. तुमच्याही गल्लीत अशी एखादी बाई असेल, जिला तुम्ही वर्षानुवर्षं तिच्या माहेरच्या गावानंच ओळखता. आज तिच्या ओट्यावर जाऊन बसा, तिचं नाव विचारा, आणि उद्या सगळ्यांदेखत त्या नावानं हाक मारा.