पांढऱ्या खोलीचा नकाशा

मित्रांनो, मी नेब्रास्कातल्या एका धान्यकोठाराचा जुना नकाशा आहे. माझी काच तडकली आहे, पण रंग अजून शाबूत आहेत.

व्लास्टा कुचेरा नावाच्या इंजिनीअर बाईंनी मला घडवले. आठ दिवस त्या बॅटरी घेऊन कोठारभर फिरल्या. तुळयांवरून बोट फिरवून किती धूळ बसली आहे ते पाहायच्या. मक्याची धूळ जिथे सतत हवेत तरंगते, ती जागा त्यांनी लाल रंगवली. जिथे ती कधीमधीच उडते, ती पिवळी. जिथे पोहोचतच नाही, ती पांढरी. लाल जागेत साधा दिवा किंवा साधे बटणही चालणार नव्हते. ठिणगी बाहेर पडू न देणारेच सामान हवे होते.

मुकादम ड्वेन हसले. "बाई, हे मक्याचं पीठ आहे, दारूगोळा नव्हे!"

"पोत्यात आहे तोवर पीठ. हवेत उडालं आणि ठिणगी मिळाली, की दारूगोळाच."

"म्हणजे आता शिंकायलाही तुमची परवानगी?"

"शिंका खुशाल. सिगारेट तेवढी बाहेर."

यंत्रदुरुस्ती करणारा ऑर्विल स्टानेक मात्र पहिल्या दिवसापासून माझा झाला. कुठेही जाण्याआधी तो कचेरीच्या भिंतीवर माझ्यासमोर येऊन उभा राही आणि त्या जागेवर बोट ठेवी.

"ऑर्विल, जपमाळ विसरलास की!" सोबती चिडवत.

"मार्लिस जेवायची थांबते रे. घरी पोचायचंय मला," तो म्हणे. मार्लिस त्याची बायको.

वीस वर्षे अशी गेली. तपासणीला येणारे माझे कौतुक करत. मी फुशारून जाई.

मग रॉजर नावाचे नवे व्यवस्थापक आले. त्या साली पीक उदंड होते. तळाशी हत्यारांची खोली होती, माझ्यावर पांढरी. तिची भिंत फोडून त्यांनी मका वाहणारा नवा पट्टा आतून नेला. व्लास्टाबाईंना कोणी कळवले नाही. खोलीत धूळ साचू लागली. माझ्यावर ती पांढरीच राहिली.

ऑक्टोबरमधल्या एका सकाळी त्या खोलीतली लोखंडी चौकट कापायची होती.

"रॉजर, तिथं हल्ली धूळ दिसते," ऑर्विल म्हणाला.

"नकाशात काय आहे?"

"पांढरी."

"मग झालं तर! बाहेर ट्रकांची रांग लागलीय."

ऑर्विलने माझ्यावर बोट ठेवले. नेहमीपेक्षा जरा जास्त वेळ ठेवले. मला तोंड नव्हते. लोखंड कापायचे यंत्र उचलून तो खाली गेला.

आधी एक दणका झाला. त्याने कोठारभरच्या तुळयांवरची धूळ झडून हवेत उडाली आणि पेटली. दुसरा दणका त्याहून कितीतरी मोठा होता.

तिसऱ्या दिवशी मार्लिस त्याचा कोट न्यायला कचेरीत आली. माझ्यासमोर थांबली.

"तो रोज याच्याबद्दल सांगायचा. त्या दिवशी बोट कुठं ठेवलं होतं त्यानं?"

ड्वेनने जागा दाखवली.

"इथं तर रंगच नाही."

म्हाताऱ्या ड्वेनची मान खाली गेली. "द्यायचा राहिला, मार्लिस."

मित्रांनो, माझ्यावरची धूळ झटकली नाहीत तरी चालेल. पण ज्या दिवशी भिंतीला नवे भोक पाडाल, नवे यंत्र आत आणाल, त्याच दिवशी मला खाली उतरवा आणि पुन्हा रंगवा. मी खोटे बोललो नव्हतो. मी फक्त जुना झालो होतो, आणि एक भला माणूस माझ्या भरवशावर खाली गेला.