पंजाबरावांची अर्थिंग

मशीन पुन्हा बंद पडली तेव्हा पंजाबरावांनी तिला एक सणसणीत शिवी हासडली. ऐकायला घरात कोणी नव्हतं, त्यामुळे ती शिवीसुद्धा फुकट गेली.

मशीन म्हणजे काही फार मोठं प्रकरण नव्हतं. एसटीतून रिटायर झाल्यावर हौस म्हणून सुटे भाग मागवून त्यांनी ती कामरगावच्या घरात, पुढच्या खोलीत उभी केली होती. कॉम्प्युटरवर नक्षी काढायची, खाली लाकडाची फळी आवळून ठेवायची, की वरची मोटर गरगरत फळीवर ती नक्षी कोरत जाते. त्या मोटरीला स्पिंडल म्हणतात, आणि तिचा वेग सांभाळणारा एक डबा भिंतीवर असतो, तो ड्राइव्ह. विहाराच्या दारावरचं धम्मचक्र याच मशीनवर झालं होतं, अर्ध्या गल्लीच्या नावाच्या पाट्याही इथंच झाल्या होत्या. पण उन्हं तापायला लागली आणि तिचे चाळे सुरू झाले. मोटर छान जोर धरायची, अर्धं अक्षर कोरून व्हायचं, आणि मग एकदम सगळं ठप्प. ड्राइव्हवर लाल अक्षरं लुकलुकायची. लोखंडी सांगाड्याला हात लावला तर बोटांत झिणझिण्या यायच्या.

आता खरं सांगायचं तर राग मशीनवर नव्हताच. राग होता तो मंजुषाच्या फोनचा.

मंजुषा त्यांची एकुलती एक लेक, पुण्याला असते. तिच्या बाळंतपणाला म्हणून तिची आई सरिताबाई गेल्या त्या गेल्याच. नात उत्पला आता घरभर धावायला लागली, तरी आजीची परतीची एसटी काही निघेना. आणि परवा मंजुषाचा फोन आला की तिला चांगली नोकरी मिळते आहे, पण पोरीकडे बघायला कोणी पाहिजे. तेव्हा उत्पला शाळेत जायला लागेपर्यंत आई इथंच राहिली तर चालेल का. बाबांनी हो म्हटलं तरच ती होकार कळवणार होती. पंजाबराव म्हणाले, मशीन दुरुस्त होऊ दे, मग सांगतो. आता मशीनचा आणि बायकोचा काय संबंध, हे त्यांनाही सांगता आलं नसतं. लेक बिचारी बरं म्हणाली.

उत्तर त्यांच्या पोटात तयारच होतं. नाही. बस झालं आता. मला माझी बायको घरी पाहिजे. पण बापानं लेकीला हे कोणत्या तोंडानं सांगायचं? सगळी हयात 'शिका, नोकरी करा' म्हणून तिच्या मागे लागलेला हाच माणूस, आणि ऐन वेळी 'तुझी आई परत दे' म्हणून आडवा यायचा?

शिवाय फोनवर त्यांनी थापांचा डोंगर रचून ठेवला होता. मी मजेत आहे. भाकर करतो, पिठलं करतो, वेळ कसा जातो समजत नाही. कसली भाकर अन् कसलं पिठलं! स्टँडजवळच्या गोमतीबाईच्या खानावळीतून डबा यायचा. डब्यातच जेवायचं, डबा नळाखाली विसळायचा आणि परत पाठवायचा. गॅसची शेगडी शेवटची कधी पेटवली होती ते त्यांना आठवत नव्हतं. घरात माणसाचा आवाज असावा म्हणून टीव्ही लावून ठेवायचे आणि त्याच्याकडे पाठ करून बसायचे.

म्हणून ते मशीनच्या मागे लागले. हाताला काम असलं की उत्तर पुढे ढकलता येतं.

रिसोडला संघपाल नावाचा एक फर्निचरवाला आहे. त्याच्याकडे अशीच मशीन आहे, म्हणून पंजाबरावांनी त्याला फोन लावला. जय भीम झाला, विचारपूस झाली आणि संघपालनं एकेक गोष्ट सांगितली. मोटरीची वायर बदला, जाळीवाली घ्या. मोटर एकदम पळवू नका, हळूहळू वेग वाढू द्या. मोटरीत ओल शिरली का बघा. पंजाबरावांनी सगळं केलं. कारंज्याला जाऊन वायर आणली. मोटर खोलून उन्हात ठेवली, पुन्हा बसवली. एकेक स्क्रू आवळला. मशीन अर्धं अक्षर कोरायची आणि बंद पडायची.

पुन्हा फोन केला तेव्हा संघपालनं विचारलं, अर्थिंग पाहिली काय. यावर पंजाबराव भडकलेच. जन्मभर एसटीच्या बसचं वायरिंग केलेल्या माणसाला अर्थिंग शिकवतो काय? सांगाड्यापासून बोर्डापर्यंत त्यांनी जाडजूड तांब्याची पट्टी टाकली होती, दोन्ही टोकं कानशीनं घासून चकचकीत केली होती. मीटर लावून पाहिलं तर कुठं अडथळा म्हणून नाही. असली अर्थिंग रिसोडात कोणाच्या बापाकडे नसेल असं सुनावून त्यांनी फोन ठेवला. नंतर वाटलं, उगाच तोडून बोललो. बोलायला एक माणूस होता, तोही गमावून बसलो.

चूक होती ती इथंच, आणि ती एसटीवालाच करू जाणे. बसमध्ये बॅटरीची एक तार दिव्याला जाते आणि दुसरी जाते बॉडीला. बॉडी म्हणजेच अर्थ. बस तर रबरी टायरवर उभी; तिची अर्थिंग जमिनीपर्यंत जातच नाही, जायची गरजही नसते. आयुष्यभर पंजाबरावांनी अर्थ शोधला तो लोखंडात. बोर्डाच्या पुढे एक तार भिंतीतून बाहेर जाते, परसात गाडलेल्या पाइपाला मिळते, आणि तो पाइप मातीत असतो, हे त्यांना माहीत नव्हतं असं नाही. माहीत होतं. पण त्यांच्या हाताला ते माहीत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी करमेना म्हणून त्यांनी डेपोतला जुना टेस्ट लॅम्प काढला, म्हणजे दोन तारांना लावलेला साधा बल्ब. एक तार फेजला, दुसरी न्यूट्रलला लावली; बल्ब लख्ख पेटला. मग दुसरी तार काढून अर्थला लावली. बल्बातली तार जेमतेम लाल झाली आणि तशीच राहिली. पंजाबराव बघतच बसले. पट्टी शाबूत, बोर्ड शाबूत, म्हणजे गडबड बोर्डाच्या पलीकडे होती. ड्राइव्हमधून गळणारी वीज जमिनीत जायला वाट नव्हती, म्हणून ती सांगाड्यात घुटमळत होती आणि मशीनला चकवत होती.

ते मागचं दार उघडून परसात गेले. दाराची कडी गंजली होती, दोनदा ठोकावी लागली. परसातली काळी माती उन्हानं तडकली होती, भेगांत मनगट जाईल इतकी. पाइपाभोवतीची माती तर चारी बाजूंनी मागे सरकली होती. पाइप नुसता पोकळीत उभा होता, मातीला शिवतसुद्धा नव्हता. पाइपाशेजारी भांडी घासायचा दगड होता. दगडावर राखेचा पांढरा थर वाळून बसला होता, आणि बाजूला पुदिन्याच्या काड्या.

पंजाबराव त्या दगडावर बसले. सरिताबाई तिथंच भांडी घासायच्या, सकाळी आणि संध्याकाळी. खरकटं पाणी पाइपाच्या बुडाशी जायचं आणि तिथली माती कधी वाळायची नाही. घर बांधल्यापासून या घराची अर्थिंग ती सांभाळत होती. ना तिला ठाऊक, ना यांना.  

मग पंजाबराव उठले, बादल्या भरभरून पाणी ओतलं, टोपल्यानं माती आणून पाइपाभोवती चोपली, वर पुन्हा पाणी. आत येऊन बल्ब लावला तर झकास पेटला. मशीन सुरू केली. अर्धं अक्षर झालं, पूर्ण झालं, सबंध नाव कोरून झालं, मशीन थांबली नाही. झिणझिण्याही गेल्या. पंजाबरावांना इतका आनंद झाला की ते मागे वळून सांगायला गेले, आणि मागे टीव्हीवर कोणीतरी साबण विकत होतं.

त्यांनी सरिताबाईंना फोन लावला. उत्साहाच्या भरात सगळं सांगितलं. बल्ब, पाइप, भेगा, पाणी. सरिताबाईंनी नीट ऐकून घेतलं. त्यांना विजेतलं कळत नसलं तरी नवऱ्यातलं कळत होतं.

"तिथं त मी भांडे घासत होती," त्या म्हणाल्या. "तुमी कुठं घासता?"

पंजाबरावांनी टीव्हीचा आवाज कमी केला.

"भाकर करता म्हनता, पिठलं करता म्हनता. मंग माती वाळली कशी?"

 एसटीतला गडी, पण असा रंगेहाथ कधी सापडला नव्हता. त्यांनी गोमतीबाईच्या डब्याचं सांगून टाकलं. शेगडीचं सांगितलं, टीव्हीचंही सांगितलं. आणि बोलता बोलता तेही तोंडातून निघालं जे कधी निघालं नव्हतं.

"मले नाई करमत. तू घरी ये."

 मग सरिताबाई हळूच बोलल्या, कारण लेक पलीकडच्या खोलीत होती.

"एवढं म्हनायले तुमाले एवढे दिवस लागले? मी वाटच पाहून राह्यली होती. तुमी दर खेपी मजेत हावो म्हनता, मंग मी कोन्या तोंडानं निघू? आता मंजुषाले तुमीच सांगा. म्या सांगतलं त तिले वाटन, माय कटाळली. बापानं सांगतलं त आयकन ते. आत्ताच लावा."

पंजाबरावांनी लगेच फोन लावला. थांबलो तर धीर जाईल हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. वाक्य तोंडात तयार होतं: आईले पाठवून दे, दुसरी काही सोय पाहू.

मंजुषानं उचलला. कडेवर पोरगी होती म्हणून फोन स्पीकरवर टाकला असावा. उत्पलाचं किरकिरणं, कुकरची शिट्टी, सगळं एकदम ऐकू आलं. बाबांना बोलायला जागाच मिळाली नाही. उत्पलाला ताप होता, ती दोन दिवस नुसती आजीला चिकटून होती, कोणाकडे म्हणून जात नव्हती. आता उतरला, पण मंजुषाच्या डोळ्याला डोळा लागला नव्हता. सांगता सांगता तिचा आवाज फाटला.

"आई नसती त म्या काय केलं असतं, बाबा? मले त खरंच समजत नाई." मग नाक ओढून म्हणाली, "तुमची मशीन झाली काय? काय ठरवलं तुमी?"

पंजाबरावांनी तोंड उघडलं. समोर मशीनवर कोरून झालेली पाटी तशीच आवळलेली होती, तिच्यावरचा भुसा त्यांनी बोटानं पुसला.

"राहू दे तिले तिथंच," ते म्हणाले. "माह्यं काय, मी मजेत हावो."

मंजुषा रडायलाच लागली. थँक्यू बाबा, थँक्यू बाबा, असं काहीबाही बोलत राहिली. मग फोन कोणीतरी तिच्या हातातून घेतल्यासारखं वाटलं, कुकरचा आवाज लांब गेला, आणि पंजाबरावांना ओळखीचा श्वास ऐकू आला.

"आयकलं म्या," सरिताबाई म्हणाल्या, आणि त्यांनी फोन ठेवला.