माप न घेतलेली काठी

देवळीत आमच्या ह्यांच्या हातची काठी नाही असा एक म्हातारा शोधून दाखवावा. निवृत्त झाल्यापासून नऊ वर्षांत मधुकररावांनी साठ-सत्तर काठ्या तरी कोरल्या असतील. कुणाच्या मुठीला पोपट, कुणाच्या मुठीला नंदी, खाली सगळ्या अंगावर वेल, पानं, ज्वारीची कणसं. पैसा घेत नाहीत, छंद आहे म्हणतात. सत्कार मात्र घेतात. घरात शालींची थप्पी लागली आहे. नारळ येतात ते मी फोडते, चटणी मी वाटते, आणि ती खाताना हे पाहुण्यांना सांगतात की लाकूड माणसाशी बोलतं.

लाकूड बोलतं ते ह्यांना ऐकू येतं. बायको बोलते ते येत नाही.

माझे दोन्ही गुडघे गेले त्याला तीन वर्षं झाली. घरातल्या घरात मी भिंत धरून चालते. स्वयंपाकघरापासून मोरीपर्यंत माझ्या हाताचा एक काळा पट्टा भिंतीवर उमटला आहे. दिवाळीत रंग दिला, संक्रांतीपर्यंत पट्टा परत आला. दिव्याखाली अंधार म्हणतात, तो आमच्या घरी येऊन पाहावा.

मागितली नाही असं नाही. दर दोन-तीन महिन्यांनी मागायची. "तुही काठी सगळ्यात भारी करीन," हे म्हणायचे, "चांगलं लाकूड भेटू दे." चांगलं लाकूड भेटलं की त्याची काठी दुसऱ्याच कुणाची तरी व्हायची.

ह्यांची माप घ्यायची पद्धत मात्र पाहण्यासारखी. माणसाला चपला घालून उभं करायचं, हात मोकळा सोडायला लावायचा आणि मनगटाच्या हाडापासून जमिनीपर्यंत सुतळी धरायची. तिथे गाठ मारायची, सुतळीला नावाची चिठ्ठी लावायची. "काठी ज्याची त्याच्या मापाची पाह्यजे. लांब झाली तर खांदा चढते, आखूड झाली तर कंबर जाते." हे वाक्य मी साठ-सत्तर वेळा ऐकलं आहे. माझ्या नावाची सुतळी कधी निघाली नाही. एकदा मी स्वतःच चपला घालून पुढे जाऊन उभी राहिले, तर हे हसले.

"तुले का मोजाचं, अवं? बेचाळीस वर्षं पाहूनच राह्यलो ना."

खरं सांगते, तेव्हा मला बरं वाटलं होतं. दिवसभर बरं वाटलं होतं. इतकी मी मूर्ख.

आषाढात समुद्रपूरहून रूपालीचा फोन आला. रूपाली म्हणजे माझी धाकटी बहीण आनंदा, तिची सून. आनंदाने अंथरूण धरलं होतं. "मावशी, एकदा येऊन जा. आई तुमचीच आठवण काढून राह्यली."

आम्ही दोघीच बहिणी. आई गेली तेव्हा आनंदा सात वर्षांची होती. तिच्या वेण्या मी घातल्या, तिचं लग्न मी उभं राहून लावलं. आता तिला भेटायचं तर देवळीहून वर्धा, वर्ध्याहून हिंगणघाट, तिथून समुद्रपूर. तीनदा बस चढायची, तीनदा उतरायची, आणि एसटीच्या पायऱ्या कुणाच्या गुडघ्यांचा विचार करून बनवलेल्या नाहीत.

"तुम्ही संगं चला," मी म्हटलं. "नाई तर एखादी गाडी करून द्या."

"आठ दिवस थांब. तुह्याच काठीचं लाकूड आणलं. आपली काठी घेऊन शानमधी जाजो बहिणीकडं."

पुण्याहून स्वप्निल म्हणाला, "आई, मी ऑनलाइन काठी पाठवतो, परवा घरी येईल." हे मागून ऐकत होते. फोन हातातून घेतला आणि पोरावरच ओरडले. "काठीवाल्याच्या घरात विकतची काठी? लोक तोंडात शेण घालतीन माह्या!"

आणि मी गप्प बसले. ह्यांचं जे काही चुकलं त्यातलं हे एवढं माझंही आहे. बहीण तिकडे वाट पाहत होती आणि मी इकडे नवऱ्याच्या तोंडात शेण जाऊ नये म्हणून जपत होते.

लाकूड जंगलूने आणलं होतं. जंगलू बोरच्या जंगलाकडचा. काठीजोगं लाकूड नुसतं हात फिरवून ओळखतो. चहाचा कप घेताना त्याने माझ्याकडे पाहिलं. "वहिनी, तुमी लय वाकल्या ना." मग ह्यांना म्हणाला, "सायेब, बाईची काठी आखूड लागन."

"जंगलू, लाकूड तुहं, अक्कल माही," हे म्हणाले आणि स्वतःच्याच बोलण्यावर खूश होऊन हसले. जंगलू हसला नाही.

आठ दिवसांचे वीस दिवस झाले. रूपालीचे फोन येत राहिले. हे पटाशी घेऊन ओसरीवर बसलेले, समोरच्या लाकडातून मोर हळूहळू उमलत होता. मी विचारलं की म्हणायचे, "पिसं घाईनं कोरता येत नाईत."

विसाव्या दिवशी काठी माझ्या हातात आली. सुंदर होती, खोटं कशाला बोलू. मुठीला मोराची मान, तिथून पिसारा खाली उतरत गेलेला, एकेका पिसाचा डोळा कोरलेला. अगदी खाली टोकाला बसवलेली पितळी शेंबी आणि तिच्या वरच्या लाकडात बारीक अक्षरात "मधुकर, देवळी". हे नाव ते प्रत्येक काठीवर घालतात.

मी काठी जमिनीला टेकवली. माझा हात छातीपर्यंत वर गेला, खांदा कानाला लागला. दोन पावलं चालले तर काठीच मला मागे ढकलू लागली. सहा बोटं तरी लांब होती. पाहता पाहता माझ्या लक्षात आलं की ह्या काठीचं माप बरोबर आहे, पण ते माझं नाही, बेचाळीस वर्षांपूर्वी लग्नात उभी होते त्या सुलोचनेचं आहे. त्यानंतर ह्या माणसाने माझ्याकडे पाहिलेलंच नाही.

"लांब झाली," मी म्हटलं.

"सरळ उभी राह्य ना, अवं."

"सरळ उभं राहता आलं असतं तर काठी मांगतली असती का?"

ते काठीकडेच पाहत होते. माझ्याकडे नाही.

"कापा खालून," मी म्हटलं.

"खालून कापली तर नाव जाईन."

"मंग वरून कापा."

"मोर जाईन." आणि मग अगदी समजूतदारपणे म्हणाले, "राहू दे. तुह्यासाठी दुसरी करतो. साधीच करू."

नाकापेक्षा मोती जड झाला. काठी ओसरीच्या कोपऱ्यात उभी राहिली. चार दिवस लोक येऊन तिचे फोटो काढत होते. मी भिंत धरून त्यांना चहा नेऊन देत होते. "वहिनी, नशीबवान हाय तुमी," असंही एक जण म्हणून गेला.

पाचव्या दिवशी सकाळी रूपालीचा फोन आला. "मावशी, आईनं खाणं सोडलं."

हे फिरायला गेले होते. ह्यांचे पाय ठणठणीत आहेत, रोज तीन किलोमीटर चालतात. मी ह्यांच्या पेटीतून सुतळी काढली. चपला घातल्या. सुतळीचं एक टोक मनगटाला धरलं, दुसरं पायाखाली दाबलं आणि गाठ मारली. मग काठी उंबरठ्यावर आडवी ठेवली, तिच्यावर पाय दिला आणि करवत चालवली. जन्मात पहिल्यांदा करवत धरली होती. लाकूड टणक होतं, मधेच करवत अडकली, अंगठा सोलला. पण निघाला तुकडा. शेंबी आणि नावासकट तो ह्यांच्या पाटावर ठेवला आणि बाहेर पडले.

तिन्ही बसमध्ये अर्धं तिकीट काढून मी एकटी समुद्रपूरला पोहोचले. वर्ध्याच्या स्टँडवर एक कंडक्टर पोरगी म्हणाली, "काकू, काठी लय मस्त हाय, कुठून घेतली?" मी म्हटलं, "घरची." काठीने कुठेही दगा दिला नाही. म्हणजे पंचवीस दिवसांपूर्वी बाभळीचं एखादं दांडकं जरी हातात मिळालं असतं तरी मी आले असते.

आनंदाचे डोळे उघडे होते. मी तिचा हात धरला, नाव घेतलं, तिच्या कपाळावरचे केस मागे सारले. डोळे छताकडेच राहिले.

"काल दुपारपर्यंत बोलत होत्या," रूपाली म्हणाली. "सारख्या विचारत, सुली निघाली का?"

"तू का सांगे?"

"मी म्हणे, निघाल्या."

तिसऱ्या दिवशी आनंदा गेली. शेवटपर्यंत माझ्याशी एक शब्द बोलली नाही. तिला मी आलेलं कळलं की नाही, हे मला आता कुणीच सांगू शकणार नाही.

मातीला हे आले नाहीत. ताप आहे म्हणून निरोप पाठवला. मला फोन नाही केला. मी काठी कापली म्हणून अबोला धरला होता, हे मला स्वप्निलकडून कळलं.

तेरवीला मात्र आले. अंगणात मांडव होता, पंगत बसायची होती, सगळे सोयरे जमले होते. मी दाराशी काठीवर भार देऊन उभी होते. फाटकातून आत येताच हे कुणाशी न बोलता सरळ माझ्यापाशी आले. डोळे लाल होते. एकदम माझ्या पायांशी उकिडवे बसले.

बायका एकमेकींना कोपर मारू लागल्या. कुणीतरी म्हणालं, "पाय सुजले वाटते बिचारीचे." मीही खाली पाहिलं. पाय खरंच सुजले होते. बेचाळीस वर्षांत हा माणूस कधी माझ्या पायांकडे वाकला नव्हता. तेरा दिवस आनंदासाठी धरून ठेवलेलं रडू आता फुटेल असं वाटलं. चार लोकांत बरं दिसत नाही, म्हणून त्यांना उठवायला मी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला.

त्यांनी काठीचं खालचं टोक उचलून हातात घेतलं. जिथून नाव गेलं होतं त्या कापलेल्या कडेवर अंगठा फिरवला आणि वर माझ्याकडे पाहिलं.

"तिरपं कापलं तू," ते म्हणाले.