गेटपासूनचं अंतर

त्या सोमवारी निरीक्षकांच्या टेबलावर दोन फायली आल्या. एक जाडजूड, टेकडीपलीकडच्या कचरा डेपोची. दर दोन वर्षांनी परवाना वाढवून घ्यायला यायची, तशी आली होती. दुसरी अगदी पातळ, आणि तिच्यावर त्यांच्या सासूबाईंच्या घराचा पत्ता होता.

पातळ फायलीतली तक्रार सासूबाईंच्या समोर राहणाऱ्या निवृत्त हेडमास्तरांची होती. हेडमास्तरांनी ती प्रश्नपत्रिका काढावी तशी काढली होती. मुद्दा अ: समोरच्या बाई रोज सकाळी अकरा घरांचा ओला कचरा घेतात आणि परसातल्या खड्ड्यात टाकून त्याचं खत करतात. मुद्दा ब: परसामागे पाणथळ आहे आणि ती संवेदनशील क्षेत्र म्हणून जाहीर झालेली आहे. मुद्दा क: नियम सातप्रमाणे पाचांहून जास्त घरांचा कचरा जिथे एकत्र होतो ती जागा कचरा केंद्र ठरते, आणि पाणथळीपासून पाचशे मीटरच्या आत असं केंद्र चालवता येत नाही. मुद्दा ड कागदावर नव्हता, पण निरीक्षकांना तो तोंडपाठ होता. गेल्या महिन्यात सासूबाईंनी हेडमास्तरांची बादली सगळ्या गल्लीदेखत परत केली होती, कारण तिच्या तळाशी प्लास्टिकची पिशवी निघाली होती.

आता गंमत अशी की नियम सात खुद्द निरीक्षकांनीच लिहिलेला. ‘पाचांहून जास्त’ की ‘पाच किंवा जास्त’ यावर त्यांनी तीन दिवस डोकं खाजवलं होतं. कचरा गुपचूप दुसऱ्याच्या मागल्या दारी लोटणाऱ्या खानावळवाल्यांना पकडायचं, हा हेतू. खानावळवाला एकही सापडला नाही. पहिलीच केस घरातली निघाली.

ते फाइल घेऊन मोठ्या साहेबांकडे गेले. ही बाई आपली सासू लागते, तेव्हा मोजणीला दुसऱ्या कुणाला तरी पाठवावं, असं त्यांनी रीतसर सांगितलं. साहेबांनी विचारलं, दुसरं आहे कोण? खात्यात निरीक्षक दोनच, आणि दुसऱ्यांची पाठ धरल्यामुळे ते चार महिने रजेवर होते. शेवटी साहेबांनी तोडगा काढला की नातं फायलीत नोंदवून ठेवा आणि या आठवड्यात एकाच फेरीत दोन्ही जागा उरकून घ्या. डेपोचं तर काय, मागचाच आकडा टाकला तरी चालेल. पाणथळीपासून सहाशे चाळीस मीटर, निरीक्षकांचीच सही.

संध्याकाळी घरी हे सांगितल्यावर बायको काहीच बोलली नाही. डब्यांची झाकणं मात्र बरंच काही बोलत होती. जेवणं झाल्यावर ती एवढंच म्हणाली, “बाबा गेल्यावर आईने वर्षभर दार उघडलं नव्हतं. त्या खड्ड्यामुळे उघडलं. काय करायचं ते तुम्ही बघा.”

निरीक्षकांना हे सांगायची गरज नव्हती. सासरे गेले त्या वर्षी ते स्वतः दर रविवारी त्या बंद दाराशी उभे राहून आले होते. मग कधीतरी शेजारची एक बाई भाजीची देठं घेऊन आली, दुसरी फळांची सालं घेऊन आली, आणि बघता बघता सकाळी सात ते नऊ सासूबाईंच्या परसात बादल्यांची रांग लागू लागली. कुणाच्या सुनेचं काय, कुणाच्या गुडघ्याचं काय, सगळं त्या खड्ड्याच्या काठावर कळायचं. खड्डा बंद झाला तर सासूबाईंकडे येणार कोण आणि कशाला, या विचाराने निरीक्षकांचा डोळ्याला डोळा लागला नाही.

उत्तर सापडलं ते सकाळी दाढी करताना. गेट!

याला थोडं समजावून सांगायला हवं. त्यांच्या खात्यात मोजणी नेहमी गेटपासून व्हायची. असं कुठे लिहिलेलं नव्हतं. पण गाडी थांबते गेटशी, वॉचमन खुर्ची देतो गेटशी, आणि ड्रायव्हर डिकीतून मोजणीचं चाक काढतो तेही गेटशीच. लांब दांड्याचं चाक, बाजूला आकडे फिरणारं छोटं यंत्र. ते जमिनीवर टेकवायचं आणि चालू लागायचं. जुन्या निरीक्षकांनी नव्यांना असंच शिकवलं, नवे जुने झाले, आणि गेट सोडून कुठूनही मोजता येतं हे कुणाच्या गावीच नव्हतं. सासूबाईंचं गेट रस्त्याकडे होतं आणि खड्डा पार मागे. निरीक्षकांनी गालावरचा फेस न पुसताच बायकोला हाक मारली.

तासाभरात ते ड्रायव्हरसह गेटशी हजर झाले. सासूबाई पायरीवर बसून बादल्या विसळत होत्या. निरीक्षकांनी सरकारी आवाजात मोजणीला आल्याचं जाहीर केलं आणि चाक गेटच्या उंबऱ्याला लावलं. घराच्या कडेची बोळ, परस, खड्ड्याला वळसा, मागचं दार, पायवाट, आणि शेवटी पाणथळीच्या हद्दीचा सिमेंटचा खांब. सासूबाई हात पुसत मागोमाग आल्या. आकडा आला पाचशे अकरा.

“पाचशे अकरा!” निरीक्षक म्हणाले. त्यांना ड्रायव्हरला मिठी मारावीशी वाटत होती. “आई, तुम्ही हद्दीबाहेर आहात. तक्रार निकालात निघाली.”

सासूबाईंच्या चेहऱ्यावरची रेघ हलली नाही. त्यांनी विचारलं, “वाटेत खड्डा लागला, तेव्हा तुमच्या त्या चाकावर किती होते?”

निरीक्षकांनी त्या वेळी मुद्दाम पाणथळीवरच्या बगळ्यांकडे बघितलं होतं. पण ड्रायव्हर सांगून बसला, तेवीस.

“म्हणजे खड्ड्यापासून चारशे अठ्ठ्याऐंशी,” सासूबाई म्हणाल्या. हिशेबाला त्यांना एक क्षणही लागला नाही.

निरीक्षकांनी घाईघाईने समजावलं की खात्याची पद्धत गेटपासूनच आहे, कायम होती, त्यात त्यांनी काही वाकडं केलेलं नाही. सासूबाईंनी ऐकून घेतलं. त्या चाळीस वर्षं शिंपीण होत्या. अर्ध्या गावाच्या अंगावरचे कपडे त्यांच्या हातचे होते, आणि मापाच्या बाबतीत त्यांना कुणी शिकवलेलं चालत नसे.

“जावईबापू,” त्या म्हणाल्या, “कंबर मोजायची तर टेप कंबरेलाच लावावी लागते. गिऱ्हाइकाने दारात चपला काढल्या म्हणून मी कधी चपलांपासून मोजलं नाही.”

ड्रायव्हरला हसू आलं आणि त्याने त्याचा खोकला करून टाकला.

परत परसात आल्यावर निरीक्षक म्हणाले, “आई, मग खड्डा बंद करावा लागेल. कळतंय ना तुम्हाला?”

सासूबाईंचा हात तिथेच कुंपणावर वाळत घातलेल्या एका बादलीवर गेला. बादली कुणाची ते त्यांना रंगावरून कळत असे. त्यांनी ती उगाचच सरळ केली.

“कळतंय,” त्या म्हणाल्या. “पण पाण्याला काय माहीत, खड्डा कुणाच्या सासूचा आहे ते? नियम तुम्हीच लिहिलात ना? लेकीने वाचून दाखवला तेव्हा मी सगळ्या गल्लीला सांगितलं होतं, आमच्या जावयाने लिहिलाय म्हणून. लिहा चारशे अठ्ठ्याऐंशी.”

निरीक्षकांना वाटलं, त्या आरडाओरडा करून रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी मान खाली घालून आकडा लिहिला. अक्षर त्यांचं त्यांनाच ओळखू येईना.

ते निघाले तेव्हा सासूबाईंनी सहज विचारलं, तो टेकडीपलीकडचा मोठा डेपोही गेटपासूनच मोजता का? निरीक्षक गाडीचं दार उघडू लागले. ड्रायव्हरने मात्र सवयीने उत्तर दिलं की हो, तिथे तर वॉचमन खुर्चीवर उशीसुद्धा टाकतो.

डेपोच्या मॅनेजरने गाडी बघितल्याबरोबर खुर्ची, उशी, चहा आणि बिस्किटं मांडली. निरीक्षक बसले नाहीत. त्यांनी चाक उचललं आणि आत चालू लागले. मॅनेजर बिस्किटांची बशी घेऊनच मागे धावला. साहेब, बूट खराब होतील, साहेब, मागे बघण्यासारखं काही नाही, असं तो दर दहा पावलांनी सांगत होता. मागे बघण्यासारखं पुष्कळ होतं. डेपो दोन वर्षांत मागच्या मागे पसरला होता. कचऱ्याचा डोंगर जिथे संपत होता तिथून काळं पाणी एका चरातून उताराला लागलं होतं, आणि उतार कुठे जातो हे सांगायला निरीक्षकाची गरज नव्हती. ढिगाच्या काठापासून हद्दीच्या खांबापर्यंत त्यांनी चाक चालवलं. तीनशे बहात्तर.

निरीक्षकांनी तो आकडा वहीत टिपला. सहाशे चाळीसखाली आपली सही करताना आपण कुठे होतो, ते त्यांना आठवलं. खुर्चीवर, उशी पाठीशी घेऊन. त्यांना मनापासून लाज वाटली.

मॅनेजर माणूस हुशार. त्याने जरा विचार करून प्रस्ताव मांडला, “साहेब, अंतर कमी पडत असेल तर गेट रस्त्यापलीकडे नेऊ का? सहज सातशे भरेल.”

निरीक्षकांनी बशीतलं एक बिस्किट उचललं, मग परत ठेवलं, आणि अहवाल लिहायला बसले. तोही उभ्याउभ्या, गाडीच्या बॉनेटवर. दोन्ही फायलींत एकच वाक्य पडलं: कचरा जिथे आहे तिथून मोजलं. डेपोच्या फायलीत त्यांनी आणखी एक ओळ घातली, की मागची मोजणी मीच केली होती आणि ती चुकीच्या जागेपासून केली होती.

मोठ्या साहेबांनी ती ओळ दोनदा वाचली. मग त्यांनी विचारलं की याचा अर्थ, आपल्याकडचे सगळेच डेपो पुन्हा मोजावे लागतील का? निरीक्षक हो म्हणाले. साहेबांनी डेपोच्या नोटिशीवर सही केली, परवाना रोखला, आणि म्हणाले की दुसऱ्या निरीक्षकांची पाठ आता बरी व्हायलाच हवी.

शनिवारी खड्डा बंद झाल्याची खात्री करायला जायचं होतं. नियम आठ, तोही यांनीच लिहिलेला. निघताना बायकोने घरातली ओल्या कचऱ्याची बादली त्यांच्या हातात दिली. कशाला, असं त्यांनी विचारलं, तर ती म्हणाली, आईने फोन केला होता, आणि आत निघून गेली. आठवडाभरात पहिल्यांदाच झाकणं गप्प होती.

गल्लीच्या तोंडाशीच त्यांना गाडी थांबवावी लागली, कारण सासूबाईंच्या गेटसमोर बादल्यांची रांग होती. अकराच्या अकरा. निरीक्षक वाट काढत आत गेले आणि बघत राहिले. गेटच्या आत लगेच, जिथे सासऱ्यांच्या गुलाबांचा वाफा होता आणि एरवी निरीक्षकांची स्वतःची गाडी उभी राहायची, तिथे नवा कोरा खड्डा होता. काठ पट्टीने आखल्यासारखे सरळ. शिवणीच्या टेपने आखलेले असणार, दुसरं काय. मागचा खड्डा बुजवून सपाट केला होता आणि गुलाब तिथे नेऊन लावले होते. इतक्या वर्षांच्या खतात ते आत्ताच तरारले होते. सासरे असते तर खूष झाले असते.

“तुमच्या खात्याला गेटपासून मोजायचं इतकं वेड,” सासूबाई म्हणाल्या, “म्हटलं, खड्डाच गेटशी आणू. मोजा.”

निरीक्षकांनी पाणथळीकडच्या काठाला चाक लावलं. या वेळी सगळी गल्ली त्यांच्यामागून खांबापर्यंत चालत आली आणि आकडे मोठ्याने मोजत राहिली. पाचशे सहा. एका आजोबांनी टाळ्या वाजवल्या. निरीक्षकांचे डोळे भरून आले आणि त्यांनी बगळ्यांकडे बघत असल्याचं दाखवलं.

परत आल्यावर त्यांना दिसलं, की नवा खड्डा बरोब्बर हेडमास्तरांच्या खिडकीसमोर आला आहे. आणि हेडमास्तर स्वतः रांगेत उभे होते, बारावे, हातात धुऊन लख्ख केलेली बादली. सासूबाईंनी ती हलवून, वरखाली करून तपासली आणि खड्ड्यात रिकामी केली. हेडमास्तरांच्या चेहऱ्यावर पास झाल्याचा आनंद मावत नव्हता.

मग निरीक्षकांनी आपली बादली पुढे केली. सासूबाईंनी आत हात घातला, एका फळाचं साल वर काढलं आणि त्याच्यावरचा नखाएवढा चिकट स्टिकर सगळ्यांना दिसेल असा धरला.

“प्लास्टिक,” त्या म्हणाल्या. “निवडून उद्या आणा, जावईबापू.”

बादली त्यांच्या हातात परत आली. निरीक्षक ती घेऊन रांगेतून उलट चालत गाडीकडे निघाले, आणि इतक्या मोकळ्या मनाने ते त्या गेटमधून कधीच बाहेर पडले नव्हते.